उटण्याची पुडी आणि पाऊण इंच: दिवाळी अंकवाल्यांना खुले पत्र

दिवाळी अंकांचे संपादक, प्रकाशक आणि विशेषतः जाहिरात विभागातली मंडळी यांस,

स. न. वि. वि.

आषाढ लागला की तुमच्याकडे कथांची जुळवाजुळव सुरू होते आणि माझ्याकडे पाकिटांची. तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं कारणही नाही. अंकावर संपादकाचं नाव असतं, चित्रकाराचं असतं, मुद्रितं तपासणाऱ्याचंही कुठेतरी कोपऱ्यात असतं. पाकिटं भरणारीचं नसतं. ते नसलेलंच बरं, कारण पाकीट फाटलेलं पोचलं की लोक आधी नाव शोधतात. गेली एकोणीस वर्षं नौपाड्यातल्या एका तळमजल्याच्या खोलीत मी आणि कळव्याहून येणाऱ्या चौघीजणी वर्गणीदारांचे अंक पाकिटात घालतो, पत्ते चिकटवतो, काट्यावर ठेवतो आणि रिक्षात घालून पोस्टात नेऊन देतो. तुमच्यापैकी सहा-सात जणांचे अंक माझ्या हातून जातात. हे पत्र त्यांच्यासाठी आहेच, पण बाकीच्यांनीही वाचावं.

विषय उटण्याच्या पुडीचा आहे. हसू नका.

माझी नणंद न्यू जर्सीत एडिसनला राहते. गणपती आटोपले की ठाण्याहून तिकडे जाणाऱ्या कुणा ना कुणाच्या बॅगेत आपले अंक जातात. कुणी आठ नेतं, कुणी पंधरा. एकजण तर लोणच्याची बरणी काढून ठेवून वीस अंक घेऊन गेले होते, त्यांच्या सौभाग्यवती अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. २०२५ साली या वाटेचा फारच उपयोग झाला, कारण २५ ऑगस्टपासून १५ ऑक्टोबरपर्यंत इथून अमेरिकेला टपालाचं बुकिंग जवळजवळ बंद होतं आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. तर हे अंक एडिसनला पोचले की नणंद ते बबलच्या पाकिटात घालून टेक्सासला, कॅलिफोर्नियाला, ओहायोला, जिथे जिथे आपले वर्गणीदार आहेत तिथे तिथल्या पोस्टानं पाठवते. या कामाचे पैसे ती घेत नाही. पोस्टाचा खर्च मात्र मी तिला देते आणि तो तुमच्याकडून वसूल करते, म्हणून हे तुमच्या खिशातलं प्रकरण आहे.

काही वर्षांपूर्वी एका लहानशा अंकाच्या वेळी तिचा फोन आला. कवितांचा अंक, जेमतेम तीनशे ग्रॅमचा. म्हणाली, "वहिनी, अंक तोच, पाकीट तेच. सोमवारी दिलेली सहा पाकिटं लिफाफा म्हणून गेली, आज दिलेली पार्सल म्हणून. पैसे दुपटीच्या घरात. मी भांडले, पण तो माणूस शांतपणे पाकीट चाचपून म्हणाला, हे पार्सल आहे."

मला वाटलं, माणूस बदलला असेल. खिडकीपलीकडच्या माणसाच्या लहरीवर आपण सगळे वाढलो आहोत, त्यामुळे पहिला संशय तिथेच जातो. पण मी तिला दोन्ही पाकिटांचे फोटो पाठवायला सांगितले आणि उलगडा झाला. सोमवारची सहा पाकिटं पहिल्या खेपेतल्या अंकांची होती. नंतरच्या खेपेतल्या अंकांच्या मुखपृष्ठावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, एका जाहिरातदारानं उटण्याची पुडी चिकटवलेली होती. 'वाचकांना अभ्यंगस्नानाची सप्रेम भेट.'

तेव्हापासून मी या नियमाच्या मागे लागले. आपण समजतो तसा तो नियम नाही.

आपली समजूत अशी की बबलचं पाकीट म्हणजे पोस्टाच्या लेखी एक वेगळी जात असणार. साधं पाकीट स्वस्त, बबलवालं महाग. अमेरिकेच्या टपाल खात्याला पाकिटाच्या जातीशी काही देणंघेणं नाही. आत बुडबुडे आहेत की कागदाचा लगदा, हे ते विचारतच नाहीत. त्यांचे प्रश्न निराळे. मोठा लिफाफा म्हणून जायचं असेल तर लांबी १५ इंच, रुंदी १२ इंच आणि जाडी पाऊण इंच यापलीकडे जायचं नाही. चौकोनी हवं. वाकलं पाहिजे. आणि जाडी सगळीकडे सारखी हवी, कुठे उंचवटा असलाच तर फरक पाव इंचाच्या आत. वजन १३ औंसांपर्यंत, म्हणजे ३६८ ग्रॅम. यातलं एकही चुकलं की ते पार्सल. वर 'लिफाफा' असं सोनेरी शाईनं लिहिलं तरी पार्सल. पहिल्या औंसाला मोठा लिफाफा दोन डॉलरच्या आत जातो, पार्सलची सुरुवातच पाच डॉलरच्या वर होते.

पाव इंच म्हणजे साडेसहा मिलिमीटरही नाही. तुमच्या त्या पुडीत किती उटणं असतं? दहा ग्रॅम? पण ती पुडी अशी फुगीर भरलेली असते की मी पट्टी लावली तेव्हा बारा मिलिमीटर भरली. अख्ख्या अंकाची जाडी तेरा, कोपऱ्यात पंचवीस. फरकाची मर्यादा ओलांडली आणि पाऊण इंचही ओलांडला. दहा ग्रॅम उटण्यानं तीनशे ग्रॅमच्या कवितांचं पार्सल केलं.

नियमात एक गंमत आहे, ती मला फार आवडली. पाकिटाच्या चारही कडांचा एकेक इंच, तिथे आतला ऐवज पोचत नसेल तर, जाडीच्या हिशोबात धरत नाहीत. म्हणजे अंकाच्या भोवती जी रिकामी बबलची झालर राहते ती माफ. उटणं माफ नाही.

वाकण्याची परीक्षाही घरी करून बघण्यासारखी आहे. पाकीट टेबलावर असं ठेवायचं की अर्धं बाहेर लोंबेल. बाहेरच्या टोकापासून एक इंच आत बोटानं दाबायचं. न मोडता, न फाटता ते निदान एक इंच खाली गेलं पाहिजे. आमच्या खोलीत आम्ही हा प्रयोग केला तेव्हा चौघींनी तुमचे सगळे अंक एकामागून एक टेबलावर मांडले. आर्ट पेपरवर छापलेला एक देखणा, जाडजूड अंक काही केल्या वाकेना. आमच्यातली एक म्हणाली, "ताई, हा संपादकावर गेलाय." कुठला अंक ते सांगत नाही.

या परीक्षेमुळे माझी एक जुनी चूक उघडी पडली. अंकाचे कोपरे मुडपू नयेत म्हणून मी वर्षानुवर्षं परदेशी पाकिटांत दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घालत होते आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहीत होते, 'कृपया दुमडू नये'. पुठ्ठा घातला की पाकीट ताठ होतं, ताठ झालं की ते लिफाफ्यातून बाद. म्हणजे मी माझ्याच हातानं काउंटरवरच्या माणसाला लिहून देत होते की हे पार्सल आहे, पैसे जास्त घ्या. बबलच्या पाकिटाचं खरं काम इथे कळतं. ते राखतं, पण वाकू देतं. पुठ्ठा राखतो, पण अडतो.

हे सगळं इतकं काटेकोर कशाला? मलाही वाटलं होतं. कारण यंत्रात आहे. तिकडे सपाट टपालाची छाननी माणसं हातानं करत नाहीत, यंत्र करतं. पाकीट पट्ट्यांमधून सरकतं, वळतं, पुढच्या खणात पडतं. सपाट, लवचीक पाकीट सुळकन जातं. कोपऱ्यात गाठ असलेलं अडकतं आणि त्याच्यामागची रांग अडवतं. मग ते बाजूला काढायला माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पगार दरात येतो. पूर्वी तिथेही मुख्यतः वजनावरच भागत असे. मे २००७ मध्ये त्यांनी दर आकारावर आणले. इंग्लंडनं त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये हेच केलं होतं. तिथे साध्या पत्राला जाडी ५ मिलिमीटर आणि मोठ्या पत्राला २५. लोकांना कळावं म्हणून फटी पाडलेली प्लॅस्टिकची पाटी काढली. पाकीट फटीतून गेलं तर हा दर, नाही गेलं तर तो. वाद नाही, चाचपणं नाही, 'तुम्ही म्हणता म्हणून' नाही.

मी घरातलं रिकामं बबल पाकीट मोजलं. आत काहीही नाही, तरी सहा मिलिमीटर. म्हणजे इंग्लंडात ते आत एक चिठ्ठी घालूनसुद्धा साधं पत्र होऊ शकत नाही. बुडबुड्यांनी जागा आधीच अडवलेली.

या बुडबुड्यांची जन्मकथा ऐकलीत तर अंकात एक पान द्याल. १९५७ साली दोघा इंजिनिअरांनी न्हाणीघराचे दोन प्लॅस्टिकचे पडदे एकमेकांना डकवले, मध्ये हवा राहिली. त्यांना त्यातून भिंतीला लावायचा नक्षीदार कागद करायचा होता! तो कुणी घेईना. मग काचघरातल्या रोपांना ऊब म्हणून खपवायचा प्रयत्न झाला, तोही फसला. १९६० मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि पुढे आयबीएम कंपनीचे १४०१ हे संगणक या बुडबुड्यांत गुंडाळून जायला लागले, तेव्हा कुठे वस्तूला तिचं काम सापडलं. हे सगळं घडलं न्यू जर्सीतच, हॉथॉर्न नावाच्या गावात. नणंदेला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे पाकीट माहेरीच आलंय, तरी दुप्पट पैसे."

तिथे 'पॅडेड' नावाचं एक अधिकृत पाकीट आहेही, त्याचा घोळ मात्र समजून घ्या, कारण तुमच्यापैकी एकांनी मला त्यावरून सुनावलं होतं. साडेबारा बाय साडेनऊ इंचांचं हे पाकीट तिथलं पोस्ट फुकट देतं. त्यात मावेल ते घाला, ७० पौंडांपर्यंत एकच दर, फक्त ते स्वतःच्या झडपेनं मिटलं पाहिजे. पण पाकीट फुकट असलं तरी दर त्यांच्या जलद सेवेचाच लागतो. साध्या टपालासाठी ते वापरता येत नाही. नणंदेच्या यजमानांनी एकदा फुकट मिळतात म्हणून शंभर आणून ठेवली आणि त्यात एकेक पातळ अंक घालून साधा दर भरायला निघाले. तिथल्या बाईंनी जलद सेवेचे पैसे मागितले. एकाच घरी तीन-चार अंक जायचे असले की मात्र हे पाकीट झकास. आपल्या नेहमीच्या आकाराचे चार अंक त्यात बसतात. पाचवा बसवायचा प्रयत्न केला तर झडप मिटत नाही.

आता इकडचं.

आमच्याकडे हा धंदा माझ्या सासऱ्यांनी सुरू केला. ते 'बुक पोस्ट' करायचे. खाकी कागदाचं वेष्टन, दोन्ही टोकं उघडी, वर सुतळी, आणि रबरी शिक्का. टोकं उघडी का, तर पोस्टातल्या माणसाला आत डोकावून बघता यावं की छापील मजकूरच आहे, चोरून पत्र घातलेलं नाही. आत 'तब्येतीस जपा' एवढी चिठ्ठी निघाली तरी तो ऐवज पत्रात जमा. त्यांना पाकिटाच्या जाडीची फिकीर नव्हती, उघडं की बंद, एवढाच प्रश्न. मी बबलची पाकिटं आणली तेव्हा सासरे नाराज झाले होते. बंद पाकिटाला पोस्ट विचारतं, उघड्याला विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. बरोबर होतं ते. पण उघड्या टोकांतून पावसाचं पाणीही आत जातं आणि वर्गणीदारांना हल्ली कोरा करकरीत अंक लागतो.

डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं. तीनशे ग्रॅमला २० रुपये, पाच किलोला १००, वर कर. तुमच्यातल्या तिघांनी मला लगेच फोन केले, "ताई, आता आपले अंक ज्ञान पोस्टानं." नाही हो. ते शैक्षणिक आणि ज्ञानपर पुस्तकांसाठी आहे, आणि जाहिराती असलेलं प्रकाशन त्यात घेत नाहीत. पुस्तकांची यादी, एखादी किरकोळ सूचना एवढंच चालतं. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाच्या का. र. मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे झाड जाहिरातींच्याच पाण्यावर वाढलंय. मुखपृष्ठ उघडलं की सोनार, मलपृष्ठ उलटलं की बँक. काउंटरवर 'हे साहित्य आहे' म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू? गंमत म्हणजे अमेरिकेतही पुस्तकांसाठी एक स्वस्त दर आहे, मीडिया मेल म्हणतात, आणि त्याचीही अट हीच, आत जाहिराती नकोत. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना आपल्याला एकाच कारणासाठी दारातून परत पाठवतात. मासिकं-साप्ताहिकांची टपालातली सवलत वेगळी, वर्षातून एकदा निघणाऱ्याला तिचा उपयोग नाही. जाहिराती काढा असं मी म्हणत नाही, त्यांच्याशिवाय माझंही बिल निघणार नाही. फक्त वर्गणीच्या पत्रकात 'ज्ञान पोस्टाने घरपोच' असं छापू नका. गेल्या खेपेला एकांनी छापलं आणि फरक माझ्या बिलातून कापला.

तर उरलं स्पीड पोस्ट. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट त्यातच विलीन झालं आणि १ ऑक्टोबरला नवे दर आले. २५१ ते ५०० ग्रॅमच्या टप्प्यात ठाण्यातल्या ठाण्यात २८ रुपये, २०० किलोमीटरपर्यंत ७०, ५०० पर्यंत ७५, हजारापर्यंत ८२, वर जीएसटी. म्हणजे पुणं सत्तरात, कोल्हापूर पंचाहत्तरात, नागपूर ब्याऐंशीत. सगळा खेळ ५०० च्या रेघेवर. ही रेघ पाकिटासकट मोजतात, हे आपल्यातले बरेचजण विसरतात. गेल्या दिवाळीत मीच विसरले. एका अंकाची प्रत ४७२ ग्रॅम भरली. मी निर्धास्त. पाकिटं मात्र या वेळी महाप्याच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली, बाहेरून जाड खाकी कागद, आतून बबल, दिसायला एकदम राजबिंडी. पहिलं पाकीट भरून काट्यावर ठेवलं तर ५१०. एकेक पाकीटच ३८ ग्रॅमचं! पाचशे पाकिटांवर पत्ते चिकटवून झालेले होते. मग रात्री ठाणे-वाशी लोकलनं जाऊन कोपरखैरण्याहून नुसत्या प्लॅस्टिकची, १८ ग्रॅमवाली पाकिटं आणली आणि पहाटेपर्यंत पत्ते सोडवून पुन्हा चिकटवले. बाहेर राम मारुती रोडवर तरुण मंडळी नटूनथटून दिवाळी पहाटेला निघाली होती आणि आम्ही पाचजणी केसांच्या ड्रायरनं लेबलं शेकत बसलो होतो. त्या पाकिटांचा दोष नाही, व्यापाऱ्याचाही नाही. मी आधी एक पाकीट तोलायला हवं होतं.

पण यात तुमचाही एक हात आहे. सोळा पानांचा एक फर्मा म्हणजे आपल्या नेहमीच्या आकारात आणि कागदात पंचवीसेक ग्रॅम. शेवटच्या क्षणी एखादी मोठी जाहिरात येते, तिच्या जोडीला एक लांबलेली कथा येते, आणि तुम्ही एक फर्मा वाढवता. छापखान्याला सांगता, बायंडरला सांगता, मला सांगत नाही. तो फर्मा ४८० चा अंक ५०५ वर नेतो. प्रत्येक वर्गणीदारामागे पुढच्या टप्प्याचा दर, आणि ती जाहिरात तेवढे पैसे देते का, हे तुम्ही कधी मांडून बघितलंय? मी मांडलं होतं, एका अंकापुरतं. नव्हती देत.

इथून थेट परदेशी पाठवायचं झालं तर आणखी एक फटीचा नियम येतो. टपालाचा जागतिक संघ १८७४ पासून बर्नला आहे, भारत त्यात १८७६ पासून. त्यांनी पत्रांचे आकार ठरवलेत. छोटं म्हणजे ५ मिलिमीटर आणि १०० ग्रॅमपर्यंत, मोठं म्हणजे २० मिलिमीटर आणि ५०० ग्रॅमपर्यंत, बाकीचं सगळं जाडजूड. अमेरिकेचा पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर. म्हणजे एकच फट दोन्हीकडे चालते. मी चरईतल्या एका सुताराकडून प्लायच्या तुकड्यात १९ मिलिमीटरची फट पाडून घेतली, दोनशे रुपये घेतले त्यानं. आता परदेशी जाणारं प्रत्येक पाकीट त्यातून जातं. जे अडतं ते मी उघडते, आणि दहातल्या नऊ वेळा आत तुमच्या जाहिरात विभागाची सप्रेम भेट असते. सुगंधी साबणाची वडी. रांगोळीचा जस्ती छापा. एका वर्षी मातीची पणती. पणती! ती फुटू नये म्हणून मी तिला वेगळा बबल गुंडाळला, आणि त्या पाकिटाचा आकार काय झाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उटण्याबद्दल आणखी एक, आणि हे विनोदानं घेऊ नका. २००१ साली अमेरिकेत अँथ्रॅक्सची पूड घातलेली पत्रं पाठवली गेली, माणसं मेली. ती पत्रं न्यू जर्सीतल्याच हॅमिल्टनच्या टपाल केंद्रातून गेली होती, नणंदेच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या आत. ते केंद्र पुढे तीन वर्षांहून जास्त बंद होतं. आता कल्पना करा, यंत्रात दाबली गेलेली एक पुडी फुटते आणि बबलच्या पाकिटातून पिवळट पूड गळायला लागते. आपल्याला तिच्यात चंदनाचा आणि कचोऱ्याचा वास येतो. तिथल्या कामगाराला त्या क्षणी काय आठवेल? म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रतींमधल्या पुड्या मी गेली काही वर्षं सरळ काढून ठेवते. जाहिरातदारांना हे ठाऊक नाही. आज होतंय. त्या पुड्या आमच्या खोलीत एका डब्यात आहेत, आम्ही चार दिवाळ्या त्यावर काढल्या, अजून उरल्यात.

भेट द्यायचीच तर सपाट द्या. कागदी आकाशकंदिलाची घडी द्या, अंकाएवढीच, मधल्या पानांत ठेवलेली. कुणी दिली होती एका वर्षी, दीड मिलिमीटर जाडी, ओहायोच्या एका वर्गणीदारांनी तो कंदील खिडकीत लावून फोटो पाठवला. दिनदर्शिका एका पानाची द्या, गुंडाळी करू नका. उटणंच हवं असेल तर पुडी रुंद आणि चपटी करा, मुखपृष्ठावर नको, मधल्या पानांत पसरा, आणि फक्त इथल्या प्रतींना. पुडी कोपऱ्यात चिकटवली की दिसते छान, हे जाहिरातदाराचं म्हणणं मला कळतं. तो काउंटरवरून अंक घेणाऱ्याचा विचार करतो. टपालानं जाणाऱ्याचा विचार तुम्ही करायचा.

आणि फर्मा वाढवायचा तर वाढवा. फक्त आदल्या दिवशी मला फोन करा, म्हणजे मी हलकं पाकीट घेईन. तीस ग्रॅमचं की अठराचं, हे मला श्रावणात कळलं तर घाऊक भावात मिळतं. ऐन नवरात्रात कळलं तर कोपरखैरण्याला जावं लागतं, रात्रीच्या गाडीनं.

यंदा एवढंच करा. डमी तयार झाली की छपाईला सोडण्याआधी एक प्रत, ठरलेल्या कागदाची, ठरलेल्या पानांची, आणि जी काही सप्रेम भेट असेल तिच्यासकट, माझ्याकडे पाठवून द्या. कोऱ्या कागदांची असली तरी चालेल, मला कविता वाचायच्या नाहीत. मी ती पाकिटात घालीन, काट्यावर ठेवीन, टेबलाच्या कडेला वाकवून बघीन आणि फटीतून सरकवीन. अर्ध्या तासाचं काम. त्याचे पैसे लावणार नाही.

आपली,
पाकिटं भरणारी,
नौपाडा, ठाणे

ता. क. पणतीवाले जे कुणी असाल, तुमच्या अकरा पणत्या माझ्याकडे सुखरूप आहेत. येऊन घेऊन जा.